सासरवाडी क्षेत्राबाहेर

पुण्याच्या एका कंपनीचं बिलिंग सॉफ्टवेअर मी जळगावात विकतो. करारात मला 'अधिकृत भागीदार' म्हटलंय. पिंप्राळ्यातले शेजारी 'कॉम्प्युटरवाले' म्हणतात आणि बायको काय म्हणते ते दिवसावर अवलंबून. सही करताना त्या करारातलं एक कलम मी वाचलं नव्हतं. खरं तर एकही वाचलं नव्हतं, पण नडलं ते हेच: माझं क्षेत्र जळगाव जिल्हा. बाहेर विकायचं तर तिथल्या भागीदाराची लेखी संमती हवी, नाहीतर करार रद्द.

आता पुण्यात बसून नकाशावर रेघा मारणाऱ्याला काय ठाऊक, की आमच्याकडे गिऱ्हाईक जिल्ह्याने नाही, नात्याने मिळतं. माझी सासरवाडी धुळ्याची. सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, तिथे बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान. एका लग्नात भर पंगतीत आबांनी जाहीर केलं, की यंदा दुकानाची बिलं कॉम्प्युटरवर करायची आणि घरचा जावई असताना परक्याकडे कशाला जायचं. माझ्या तोंडात घास होता, म्हणून मी नुसती मान हलवली. घास गिळल्यावर करार आठवला, पण तोवर मामेसासऱ्यांनी माझी पाठही थोपटली होती.

घरी येऊन बायकोला सांगितलं, विकलं तर करार जातो आणि आपलं घर त्या करारावर चालतं. ती म्हणाली, मग आबांना तसं सांगा. हा उपाय मलाही सुचला होता, पण सासऱ्यांसमोर 'नाही' म्हणायची मला सवय नाही. म्हणून एसटीने धुळ्याला गेलो ते थेट तिथल्या भागीदाराकडे, संमती मागायला.

भागीदार म्हणजे तिशीतली एक बाई निघाली. एवढंसं ऑफिस, दोन खुर्च्या. तिने चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि कोरा कागद पुढे ओढला.

"देते लिहून. पण सर, तुमच्या आबांकडे मी कधीपासून खेटे घालतेय. दरवेळी म्हणतात, जावयाला विचारून सांगतो. शेजारचे दुकानदार म्हणतात, आबांनी घेतलं की आम्ही घेऊ."

ती लिहायलाही लागली. एका आबांपायी तिची अख्खी गल्ली हातची जाणार होती, आणि तेही माझ्या पंगतीतल्या मान हलवण्यामुळे. मी म्हटलं, ताई, थांबा जरा.

दुकानात गेलो आणि आबांना एका दमात सांगून टाकलं: मला धुळ्यात विकता येत नाही, तुम्ही त्या ताईंकडून घ्या. आबांनी समोरच्या गिऱ्हाइकाला बियाणं मोजून दिलं. गिऱ्हाईक गेल्यावर मला खतांच्या पोत्यांमागे नेलं आणि आवाज खाली आणला.

"बरं झायं, जवाईबापू. जवाईसंगे भाव कसा करू मी? आनि मशीन बिघडनं, तुमले दोन शबद बोलनू, मंग पोर मन्हासंगे बोलस का?"

म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून ते मला विचारत होते आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी हो म्हणत होतो. पुण्याचं ते कोरडं कलम नसतं, तर एकमेकांचं मन राखता राखता आम्ही दोघं चांगलेच अडकलो असतो.

पुढच्या आठवड्यात ताईंनी सॉफ्टवेअर बसवलं. आबांनी मनसोक्त घासाघीस केली म्हणे. मी गेलो तो जावई म्हणून. गादीवर बसून शेव-मुरमुरे खात होतो. तेवढ्यात आबा कडाडले, की बिलावर आकडेच दिसत नाहीत, हे कसलं मशीन विकलं.

"आबा, आधी चष्मा घाला," ताई कीबोर्डवरून मान वर न करता म्हणाल्या.

आबांनी गुपचूप खिशातून चष्मा काढून घातला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे कधी जमलेलं नाही.