बाळाच्या टबातला पाय

आखातात, फहाहीलला आमच्या फ्लॅटात बाथरूम एकच, आणि पलीकडच्या खोलीत माझ्या नवऱ्याबरोबर अम्गराच्या कारखानावस्तीतल्या वर्कशॉपात काम करणारा एक माणूस राहायचा. त्याचा देश आपल्या रत्नागिरीएवढा पण नसेल, पण त्या देशाच्या टीममधून तो फुटबॉल खेळायचा, म्हणजे सुट्टी मिळाली तर.

एकदा बघते तर माझ्या बाळाच्या आंघोळीच्या टबात मिठाचं पाणी करून हा पाय बुडवून बसलेला. अंगठ्यावर लोखंड पडलेलं, नख काळं, पू वाहतोय, आणि वास! बाळाला काही झालं तर, या भीतीनं मी ओरडले, "अभी फोरमन को बताती हूँ!"

त्यानं हात जोडले. "भाभी, मत बोलो. हॉस्पिटल भेजेगा, वो दिन मेरी छुट्टी से काटेगा. मॅच है."

मी नाही सांगितलं. टब मात्र तेव्हाच खाली कचऱ्यात टाकला.

पंधरा दिवसांनी मॅच खेळून तो लंगडत परत आला.

"कितना खेला?"

"बीस मिनट. सात गोल खाया, भाभी," म्हणाला आणि हसला.

वीस मिनिटांसाठी हा अंगठा! शी! मग पाय बुडवायला त्यानं आपल्या पलंगाखालून टब ओढला. माझाच, कचऱ्यातून उचलून आणलेला.