न लागलेलं अक्षर

सात समुद्रांपलीकडच्या, जन्मात न पाहिलेल्या माणसांच्या तब्येतीची काळजी करत जेवण थंड होऊ देणारा माणूस भिवंडी तालुक्यात एकच झाला, तो म्हणजे आमच्या ताईचा मोठा दीर. मी त्यांना मोठे भाऊजी म्हणायचो. मानकोलीची जमीन गोदामवाल्यांना गेली तेव्हा बाकीच्या भावांनी गाड्या घेतल्या, बंगले बांधले. भाऊजींनी कोन गावात एका बंद पडलेल्या पॉवरलूमच्या गाळ्यात चोवीस कॉम्प्युटर लावले आणि डेटा एंट्रीचं काम धरलं. परदेशातल्या एका विमा कंपनीचे हाताने भरलेले अर्ज इंटरनेटवरून आम्हाला दिसायचे आणि आमच्या पोरी ते टाइप करून परत पाठवायच्या. मी तिथे सुपरवायझर होतो, म्हणजे भाऊजी जे करायचे ते होऊ नये म्हणून नेमलेला माणूस.

भाऊजींचं अर्धं आयुष्य लूममध्ये गेलेलं. त्यामुळे शिफ्ट सुरू होताना भोंगा वाजायचा, कॉम्प्युटर बंद पडला की 'लूम थांबला' असं म्हणायचं, आणि टाइप केलेल्या पानाची प्रिंट काढून ते ती ट्यूबलाइटसमोर धरायचे, कापडाचा ताका तपासतात तशी. टायपिंगच्या चुका अशा उजेडात धरून दिसत नाहीत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. पण खरी पंचाईत वेगळी होती. तेच लोक दरवर्षी तेच अर्ज भरायचे, आणि भाऊजींना ते पाठ झाले होते. कोणाला जुळी झाली, कोणाचं घर बदललं, कोणाच्या नवऱ्याचं नाव यंदा अर्जात नाही, सगळं. त्यातल्या एका म्हाताऱ्याचा हात इतका कापायचा की त्याची अक्षरं रेषेवर उभी राहत नसत. त्याला भाऊजी 'थरथऱ्या आजोबा' म्हणत, आणि त्याचा अर्ज यायला आठवडाभर उशीर झाला की ताईला सांगत, "म्हाताऱ्याचा काय खरा न्हाय." ताईला वाटायचं, गावातलंच कोणीतरी आजारी आहे.

या कामात एकच नियम होता: जसं लिहिलंय तसंच टाकायचं. हा नियम भाऊजींना अधर्म वाटायचा. कोणी गावाचं नाव चुकवलं की ते नीट करून टाकायला लावायचे. मी वाद घालायचो, ते ऐकायचे नाहीत, आणि कंपनीकडून कधी तक्रार आली नाही म्हणून मीही नाद सोडला. तिथेच माझं चुकलं.

मग एक दिवस मुंबईहून कंपनीचे साहेब आले. त्यांच्याकडे हाताचं अक्षर स्वतःच वाचणारं मशीन होतं. म्हणजे डबा असा नव्हताच, लॅपटॉपमधलंच काहीतरी. तेच तीनशे अर्ज मशीनला आणि तेच आम्हाला. ज्याच्या चुका कमी, त्याला काम. चोवीस पोरींचं पोट त्या दिवशी टेबलावर होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. मशीनचं काम चहा व्हायच्या आत झालं. आमचं चालूच होतं. दुपारी लाइट गेली आणि इन्व्हर्टर कुंथायला लागला.

तेवढ्यात नसरीनने हात वर केला. तिचे वडील लूमवर होते, आणि सेंटर घरापासून चार पावलांवर म्हणून तिला कामाला पाठवत. तिच्यासमोर थरथऱ्या आजोबा होते. जन्मवर्षाच्या जागी म्हाताऱ्याने चालू वर्ष लिहिलं होतं.

"दादा, जैसा लिखा है वैसाच मारने का ना?" तिने विचारलं.

"जसंच्या तसं," मी म्हणालो.

भाऊजी मला बाजूला सारून पुढे आले. "आज जल्मलेला मानूस इमा काढंल का? मना त्याचा साल म्हाईत हाय. बरोबर काय त्या टाक."

तिने टाकलं. संध्याकाळी निकाल लागला. मशीनच्या एकोणीस चुका, आमच्या तेवीस. साहेब भला माणूस होता, त्याने एकेक चूक दाखवली. खऱ्या चुका फक्त तीन. बाकीच्या वीस आम्ही सुधारलेल्या. "पण मला बरोबर नको होतं हो," तो म्हणाला, "मला लिहिलेलं हवं होतं."

"वो मैंने अपने मन से डाला," नसरीन पटकन म्हणाली.

"न्हाय. मी सांगितला," भाऊजी म्हणाले, आणि बाहेर जाऊन स्कूटरवर बसले. स्कूटर सुरू मात्र केली नाही.

पुढे काम आलं ते उरलंसुरलं. मशीनला न लागलेले, म्हणजे वाचता न आलेले शब्द तेवढे कंपनीवाले कापून पाठवायचे, ना अर्ज, ना माणूस, नुसता एक शब्द. त्यासाठी गाळाही नको, पोरींनी घरी बसून करावं. सहा जणींना काम राहिलं, अठरा गेल्या. त्यातल्या कितीतरी जणी गोदामात खोकी भरायला लागल्या. त्या रस्त्यात भेटल्या की मला मान वर करवत नसे. भाऊजींनी सहा कॉम्प्युटर सहा घरी पोचवले, आणि रोज सकाळी शिफ्टच्या वेळेला ते स्कूटरवरून दारोदार फिरू लागले. आता भोंग्याच्या जागी स्कूटरचा हॉर्न. 'कोणाचा शब्द हाय, कळत न्हाय,' असं म्हणत प्रत्येक घरी अर्धा कप चहा घ्यायचे.

वर्षभराने मी त्यांच्याबरोबर नसरीनकडे गेलो होतो. पडद्यावर एक शब्द आला, रेषेवरून घसरत खाली गेलेला. भाऊजींनी कप खाली ठेवला. ते पडद्याजवळ सरकले.

"म्हातारा जिता हाय," ते म्हणाले.

नसरीनने वाकून पाहिलं. "दादा, ये तो उनका नाम है. आखिर का एक अक्षर कम है. सुधारने का क्या?"

मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"नको," ते म्हणाले. "त्याच्या हातानं जेवढा झाला, तेवढाच टाक."