पोचूभाऊंनी वाक्य दिलं नाही तो दिवस

"वाक्य तुमचंच हाये, मी फक्त याद देतो."

पोचूभाऊ गेडाम हे म्हणायचे, तेही इतक्या हळू की शेजारी बसलेल्याला वाटावं, पानांत वारा शिरला. नाटकातल्या राजाला हेच सांगायचे आणि गावातल्या बाईमाणसालाही हेच.

आमचं गाव पेंढरझरी. तालुक्याच्या सावली गावाहून निघालेली बस धानाच्या बांध्यांमधून येते आणि जिथं बांध्या संपून सागाचं जंगल सुरू होतं, तिथं थांबते. पुढं रस्ता नाही. पण नाटक आहे. धान कापून झालं, मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा भरली, की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव पडदे लागतात. माणसं ट्रॅक्टरवर, फटफटीवर, पायी, जशी जमतील तशी येतात आणि पोरं मांडीवर घेऊन बसतात. दिवाळीला आली नाही तरी चालेल, पण नाटकाला लेक माहेरी आलीच पाहिजे, असा आमच्याकडचा रिवाज.

अशा नाटकांत पोचूभाऊ प्रॉम्प्टर होते. नट आज एका गावात राजा, उद्या दुसऱ्या गावात दारुडा बाप. एवढं पाठ कुठून राहणार? पोचूभाऊ विंगेत मांडी घालून बसायचे आणि नट अडला की त्याचं वाक्य त्याच्या कानापर्यंत पोचवायचे. त्यांची कुजबुज एकाच माणसाला ऐकू जायची. पेटीवाल्यालाही पत्ता लागायचा नाही. त्यांची बायको भागीरथाबाई चारचौघींत सांगायची, "या माणसानं लग्नात माह्यं नाव घेतलं, त माह्याच कानात घेतलं. वऱ्हाडाले वाटलं, नवरदेव मुका हाये."

ते स्वतः कधी पडद्यापुढं आले नाहीत. एकदा शिपायाचं काम करणारा नट आजारी पडला, म्हणून त्यांना भाला देऊन उभं केलं. एकच वाक्य होतं. समोरची गर्दी पाहून पोचूभाऊ भाल्यासकट परत विंगेत गेले आणि तिथून ते वाक्य म्हणाले. लोकांना वाटलं, आकाशवाणी झाली.

गुडघे दुखायला लागले तसं त्यांनी नाटकाबरोबर फिरणं सोडलं. पण सवय सुटली नाही.

आमच्या गावात ग्रामसभा व्हायची तेव्हा एक गंमत असायची. आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर जो तो सरकारचा हिशेब मागत असायचा. सभेत साहेब "बोला" म्हणाले की सगळ्यांच्या जिभा टाळूला. एकदा श्रीहरी उठला, शाळेकडच्या वाटेवरचे दिवे विचारायला. उठला आणि नुसताच उभा राहिला. हात खिशात घातला, काढला, पुन्हा घातला. पोचूभाऊ मागच्या खांबाला टेकून बसले होते. त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "दिवे लागले म्हणता, त कुठी लागले ते दाखवा." श्रीहरीनं ते जसंच्या तसं खणखणीत म्हटलं. सभा चमकली. ग्रामसेवक प्रफुल यांना उठून वाटेवर जावं लागलं. खांब होते, दिवे नव्हते. पुढच्या महिन्यात दिवे लागले.

तेव्हापासून सभेच्या आधी लोक पोचूभाऊंच्या अंगणात यायला लागले. भाऊ कुणाला प्रश्न शिकवायचे नाहीत, हे मी स्वतः पाहिलं आहे. ते म्हणायचे, तुमचं तुम्ही बोला. मग माणूस बोलायचा. रेशनच्या तांदळापासून सुरू व्हायचं, मधे जावई यायचा, शेजाऱ्याची कोंबडी यायची, सासऱ्याचं ऑपरेशन यायचं. भाऊ डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी सांगायचे, जावई काढा, कोंबडी काढा, मधलं एक ठेवा. लांब वाक्य स्टेजवर पडते. माणूस तेवढं ठेवून घरी जायचा, आणि सभेत अडलाच तर खांबामागून त्याचं वाक्य त्याला मिळायचं. अशानं आमच्या अंगणवाडीला छत आलं आणि दवाखान्यात नर्सबाई ठरलेल्या दिवशी यायला लागली. तालुक्याचे साहेब लोक मात्र म्हणायला लागले की पेंढरझरीची माणसं शिकवून आणलेली असतात.

मग नळ योजना आली. खालच्या गावात टाकी झाली, नळ लागले, पाणी आलं. पोचूभाऊंच्या दारातही आलं. पण गावाचा वरचा टोला आहे, गोंडांची घरं, खडकाच्या चढावर. तिथं प्रत्येक दारात सिमेंटचा लहानसा खांब रोवून त्याला तोटी बसवली, फोटो काढले, आणि ठेकेदाराची माणसं गेली. खडक फोडून पाईप वर न्यायचा राहिला तो राहिलाच. टोल्यावरच्या बाया आधीसारख्या नाल्याच्या रेतीत झिरा खणून वाटी वाटीनं पाणी भरत होत्या. त्यांतल्या बुधरीबाईनं आपल्या दारातल्या तोटीला शेळी बांधायला सुरुवात केली. म्हणायची, सरकारनं खुंटा बरा देला.

आता राहिला होता एक ठराव. गावातल्या प्रत्येक घरी पाणी पोचलं, असं ग्रामसभेनं लिहून दिलं की ठेकेदाराचं शेवटचं बिल निघणार आणि योजना बंद होणार. एकदा बंद झालेली योजना खडक चढायला पुन्हा येत नाही, हे टोल्याला कळत होतं. सरपंच गुणवंतराव काही वाईट माणूस नाहीत. त्यांचं म्हणणं, आता ठराव देऊन टाकू, टोल्याचं पुढच्या निधीत बघू, नाहीतर खालचंही अडकेल. खालच्या गावाला ते पटलं होतं. भागीरथाबाईलाही पटलं होतं. आपल्या दारात पाणी येते, तुम्ही काऊन वाईटपणा घेता, असं ती म्हणाली. पोचूभाऊंनी नळावर हात धुतले आणि बुधरीबाई अंगणात आली होती तिच्यासमोर जाऊन बसले.

सभेच्या दिवशी प्रफुलभाऊंनी मोठी युक्ती केली. सभा सुरू होताच त्यांनी जाहीर केलं, की आज आपण गावच्या ज्येष्ठ कलावंताचा सत्कार करत आहोत. पोचूभाऊंना खांबामागून उठवून मंचावर नेलं, शाल दिली, नारळ दिला आणि साहेबांच्या बाजूच्या खुर्चीत बसवलं. आता त्यांची कुजबुज कुणाला ऐकू जाणार? जन्मभर विंगेत बसलेला माणूस, साऱ्या गावाकडे तोंड करून, गुलाबाचं फूल हातात धरून, घामानं भिजत बसला होता. मागून कुणीतरी म्हटलं, "भाऊ, भाला पायजे का?" लोक हसले. भाऊही हसले.

ठराव वाचून झाला. साहेबांनी, म्हणजे पाणीपुरवठ्याच्या तरुण इंजिनिअरनी, विचारलं की कुणाला काही म्हणायचं आहे का.

बुधरीबाई उठली. लुगडं खोचलेलं, पाय अनवाणी. तिच्या मागं टोल्यावरच्या बाया बसल्या होत्या, त्या एकमेकींच्या अंगाला चिकटल्या.

"साहेब, माह्या दारात नळ हाये," ती म्हणाली. "त्याले पाणी…"

आणि थांबली.

बघता बघता सगळ्यांचे डोळे पोचूभाऊंकडे वळले. वाक्य कुणाला माहीत नव्हतं असं नाही. टोल्यावरच्या पोरीबाळींनाही ते पाठ होतं. श्रीहरी तर हातानं खुणावत होता, की भाऊ, तिथूनच ओठ हलवा, तिला दिसतील. बुधरीबाई मात्र भाऊंकडे बघतच नव्हती. ती इंजिनिअरकडे बघत होती.

पोचूभाऊंनी ओठ मिटून घेतले.

मला त्या वेळी राग आला होता. वाटलं, शाल-नारळानं माणूस फिरला. दारात पाणी आहे त्याच्या.

गुणवंतराव मऊ आवाजात म्हणाले, "विसरली बाई. बस, बुधरीबाई. होते असं."

तेव्हा पोचूभाऊ उभे राहिले. गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू. आणि आयुष्यात पहिल्यांदा लोकांपुढं उभं राहून, साऱ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"विसरली नाई ते. थांबली हाये."

बस्स. पुन्हा खुर्चीत बसले. नंतर त्यांनी मला समजावून सांगितलं. विसरलेल्या नटाचे डोळे फिरतात, बोटं काहीतरी शोधतात. बुधरीचे हात दगडासारखे स्थिर होते. नट मुद्दाम थांबला असेल आणि प्रॉम्प्टरनं घाबरून वाक्य दिलं, तर सगळं नाटक पडते. अशा वेळी तोंड बंद ठेवणं सगळ्यात कठीण काम हाये बापा, असं म्हणाले.

ती शांतता लांबत गेली. बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडली. इंजिनिअरनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तोंडाला न लावताच खाली ठेवला. मग त्यांनी प्रफुलभाऊंना विचारलं, पाईप कुठपर्यंत गेला आहे. प्रफुलभाऊंनी गुणवंतरावांकडे पाहिलं. गुणवंतरावांनी छताकडे पाहिलं.

"चाला," बुधरीबाई म्हणाली, "पाहून घ्या."

सगळी सभा उठून चढ चढायला लागली. पुढं बुधरीबाई, मागं साहेब, त्यांच्या मागं सारं गाव. खालच्या गावातली कितीतरी माणसं त्या खडकावर त्या दिवशी पहिल्यांदा चढली असतील. भागीरथाबाई धापा टाकत अर्ध्यावर थांबली. डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन नाल्यातून चढणारी टोल्यावरची एक पोर तिला ओलांडून पुढं गेली. भागीरथाबाई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग पदर खोचून पुन्हा चढू लागली.

साहेबांनी शेळी सोडायला सांगितली. तोटी फिरवली. आतून मुंग्या आल्या. त्यांनी तोटी जरा ओढून पाहिली, तर हातभर पाईपच्या तुकड्यासकट ती सिमेंटमधून उपटून हातात आली. दुसरं टोक बंद केलेलं होतं. कुणी हसलं नाही.

इंजिनिअर त्या तुकड्याकडे बघत म्हणाले, "हे मी तपासायला पाहिजे होतं. मी फोटो पाहून सही केली." मग त्यांनी प्रफुलभाऊंना तिथंच, बुधरीबाईच्या ओट्यावर बसवून ठराव नव्यानं लिहायला लावला, की वरच्या टोल्याला पाणी पोचलेलं नाही, काम अपूर्ण आहे, शेवटचं बिल देऊ नये. सरपंचांनी हात वर करायला सांगितलं. खालच्या गावातून पहिला हात भागीरथाबाईचा वर गेला. मग बाकीचे गेले, काही लवकर, काही रेंगाळत. गुणवंतरावांनी सही केली आणि पोचूभाऊंना म्हणाले की भाऊ, तुमचा सत्कार आम्हांले महागात पडला. भाऊ म्हणाले, शाल गरम हाये, परत मागू नका.

होळीच्या आधी खडक फुटला आणि पाईप टोल्यावर चढला. पण माझ्या डोळ्यांपुढं अजून तोच दिवस आहे. सह्या, अंगठे चालले होते, माणसं साहेबांभोवती गोळा झाली होती. बुधरीबाईनं झिऱ्याच्या पाण्याचा लोटा पोचूभाऊंच्या हातात दिला. ते उभ्यानं प्याले, लोटा तिच्या हातात दिला, आणि चढ उतरायला लागले. गुडघा दुखत होता, म्हणून प्रत्येक दगडावर दोन्ही पाय टेकवत, शाल सावरत. बुधरीबाई दाराशी उभी राहून बघत होती. तिच्या बाजूला साहेबही बघत होते, उपटलेली तोटी हातात तशीच धरून. पळसांच्या झाडांमागं भाऊंची शाल दिसेनाशी झाली तरी दोघं तिथंच उभे होते.