लॉक तोडलेली प्रत

वाशीममधल्या ज्या दैनिकात मी काम करतो, तिथे पूर्वी सगळी पानं मराठी टायपिंगच्या एकाच सॉफ्टवेअरवर लागत. जिल्ह्यातले छापखाने, वकील, शाळा, पतसंस्था तेच वापरत. विकत घेतलेलं मात्र जवळपास कोणाकडेच नव्हतं. कंपनीने सोबत काडेपेटीएवढं एक लॉक दिलं होतं; ते संगणकाला मागून लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नसे. कोणीतरी ते लॉक तोडलं आणि तोडलेली प्रत हातोहात जिल्हाभर गेली. तिच्यात एकच खोट होती. छापलेल्या प्रत्येक पानाच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, एक फिकट चौकोन उमटायचा. प्रतिष्ठित मंडळींनी त्यावर संस्थेचा गोल शिक्का मारायला सुरुवात केली. काही वर्षांनी शिक्का तिथेच मारायचा असतो, असं नव्या कारकुनांना शिकवलं जाऊ लागलं.

धनजच्या एका निवृत्त शिक्षकांनी ते रीतसर विकत घेतलं होतं. दीक्षेनंतर गावोगावच्या बौद्ध बायांनी रचलेली, निंदताना म्हटलेली गाणी त्यांनी त्यात टाइप करून ठेवली होती. प्रत्येक गाण्याखाली म्हणणारीचं नाव. गाण्यांच्या मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या. म्हणणाऱ्या बहुतेक जणी आता नाहीत. मग त्यांचं लॉक बंद पडलं. कंपनी केव्हाच मिटली होती आणि तिचे हक्क कोणाकडे गेले, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. नव्या संगणकावर त्या फायली म्हणजे नुसती चिन्हांची रास.

जिल्ह्यातलं जुनं ते जपायला एक समिती नेमलेली आहे. तिने आतापर्यंत मुख्यतः स्वतःच्या बैठकांची इतिवृत्तं जपली आहेत. गुरुजींनी तिला अर्ज केला: तोडलेली प्रत एका जुन्या संगणकावर कायम ठेवा, म्हणजे माझ्याच नव्हे, जिल्ह्यातल्या सगळ्यांच्या जुन्या फायली उघडता येतील. बैठकीला मी बातमीदार म्हणून होतो.

समितीतले वकील बराच वेळ बोलले. मालक सापडत नाही म्हणजे मालक नाही, असं होत नाही, हा त्यांचा मुद्दा कायद्याने बरोबर होता. अशी प्रत ठेवणं म्हणजे समितीने चोरीचा माल ठेवणं, असं ते म्हणाले. अध्यक्षांनी कंपनीच्या जुन्या पत्त्यावर पत्र पाठवायचं ठरवलं. आपण स्वतः पाठवलेलं तसं पत्र आधी दोनदा परत आलं होतं, हे गुरुजींनी सांगितलं. त्याचीही नोंद घेण्यात आली.

बैठकीची सूचना माझ्या हातात होती. तिच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, गोल शिक्का होता. मी ती खिडकीकडे धरली, शिक्क्याखालचा चौकोन अध्यक्षांना दाखवला आणि याचं काय, असं विचारलं.

"ते वेगळं," अध्यक्ष म्हणाले. "तो कार्यालयीन वापर आहे."

वकिलांनी मान डोलावली. चहा आला.

बाहेर पडल्यावर मी गुरुजींना सांगितलं की तोडलेली प्रत आमच्या कचेरीतल्या जुन्या संगणकावर अजून आहे. ते लगेच हो म्हणाले नाहीत.

"मी इकत घेतलं होतं ना भाऊ," ते म्हणाले. "आता मीच चोरीचं वापरू?"

"बाकी कोनी थांबले नाहीत, गुरुजी. तुमीच काहून थांबता?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते सीडी घेऊन आले. पहिल्या दोन फायली खराब निघाल्या. तिसरी उघडली. ते पडद्याच्या अगदी जवळ गेले, बोट फिरवत खाली आले, एका नावाशी थांबले आणि त्यांनी मंगरूळपीरला फोन लावला. ती गाणारी हयात होती, आता लेकीकडे राहत होती.

"माय, सापडलं तुहं गानं. खाली नाव बी हाये."

"मले तं दोनच ओळी याद हायेत," पलीकडून आवाज आला. "तू पुरं वाच नं."

गुरुजी उभ्यानेच वाचू लागले. त्यांचं वाचन चालू असताना मी सॉफ्टवेअरच्या दोन प्रती काढल्या, एक त्यांना आणि एक मला. कोणाची परवानगी घेतली नाही. समितीचं पत्रही परत आल्याचं मला नंतर कळलं. ती बातमी मी एका परिच्छेदात दिली.