अप्पा, आतेभाऊ आणि माळावरच्या पखुर्ड्या

माझ्या वडिलांकडे, म्हणजे अप्पांकडे, एक बंदूक होती. बारा बोरची, दोन नळ्यांची, पण नळ्या शेजारी-शेजारी नाहीत, एकीवर एक. कुणी तिला दुनळी म्हटलं की अप्पा चहाचा कप खाली ठेवून फरक समजावून सांगायला लागत. पाहुण्याला ऑफिसला उशीर होतोय, तो दारात चपला घालून उभा आहे, तरी अप्पांचं चालूच. वर-खाली नळ्या असल्या की नेम धरताना डोळ्यासमोर एकच रेघ राहते, उडत्या पाखराला तीच बरी. हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

शिकारबंदीचा कायदा आला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. त्याआधी अप्पा पाटबंधारे खात्यात नवे-नवे लागले होते, येवल्याच्या पुढच्या माळावर त्यांची नेमणूक होती आणि सकाळी पाण्यावर उतरणाऱ्या पखुर्ड्या ते मारत. पखुर्ड्या म्हणजे कबुतराएवढी, मातीच्या रंगाची पाखरं. माळावर बसली तर पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. कायदा आला, शिकार थांबली, बंदूक मात्र राहिली. परवान्याचं नूतनीकरण करायचं, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, नंतर सोडवून आणायची. आई गेल्यावर हे सगळं माझ्याकडे आलं. माझ्या दातांच्या दवाखान्यात पेशंट खुर्चीत तोंड उघडून बसलेला आणि फोनवर अप्पा, "पोलिसांनी नळ्यांना तेल लावलं असेल का गं?"

मी किती वेळा म्हटलं, विकून टाका. ते म्हणत, "तुझा दवाखाना विकतेस का?"

त्यात अमेरिकेतला आतेभाऊ. तो तिकडे उत्तरेला राहतो. तिथे पानगळ सुरू झाली की लोक रीतसर परवाने काढून जंगलात ग्राउज मारायला जातात. ग्राउज म्हणजे त्यांच्याकडची रानकोंबडी. याने तिकडे वर-खाली नळ्यांचीच बंदूक घेतली आणि एका रविवारी व्हिडिओ कॉलवर ती मामांना दाखवली. झालं. त्यानंतर दर रविवारी दोघं आपापल्या बंदुका मांडीवर घेऊन बसू लागले. तो ओट्यावर ठेवलेला पक्षी दाखवायचा, अप्पा मान तिरकी करून बघायचे आणि म्हणायचे, "हे कोंबडं आहे रे. पखुर्डी बाणासारखी येते. तुझ्याच्याने व्हायचं नाही." मग तो हसायचा आणि मी आतून ओरडायची, आवाज कमी करा. कानातलं यंत्र अप्पा कॉलच्या वेळी काढून ठेवत, कारण त्यात म्हणे बंदुकीचा चाप नीट ऐकू येत नाही.

गेल्या जानेवारीत आतेभाऊ एका लग्नासाठी नाशिकला आला. आल्या दिवशीच त्याने विषय काढला, "ताई, मामांना माळावर घेऊन जाऊ या."

"बघायला," मी म्हटलं. "दुर्बीण घेऊन. बंदूक घरी राहील. पक्षी मारला तर तुरुंग आहे, तुझ्यासारखं तिकीट फाडून कोंबडी मारायचं काम नाही इथे."

"अर्थात," तो म्हणाला.

"अर्थात," अप्पाही म्हणाले. एकदाही वाद न घालता. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

उजाडता-उजाडता निघालो. विंचूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरलेला. एकामागे एक ट्रॉल्या, इंच-इंच पुढे सरकणाऱ्या. आतेभाऊ काच खाली करून फोटो काढत होता. अप्पा दर दोन मिनिटांनी सांगत होते की पखुर्ड्या पाण्यावर एकदाच येतात, पिऊन गेल्या की गेल्या. जणू ते ट्रॅक्टर मी आणून उभे केले होते. येवला सोडल्यावर त्यांनी वाट दाखवायला सुरुवात केली. "मोठं कडुनिंब आलं की डावीकडे." कडुनिंब कुठेच नव्हतं. रस्ता रुंद करताना कधीच तोडलं असणार. "मग देऊळ." देऊळ होतं, पण त्याला आता नवा कळस, टाइल्स आणि पत्र्याचा मंडप, त्यामुळे अप्पांनी ते देऊळ मानायलाच नकार दिला. आम्ही त्याच देवळावरून तीनदा गेलो. शेवटी मी गाडी थांबवून एका बाईंना विचारलं, त्यांनी हात करून पाझर तलाव दाखवला. अप्पा फुरंगटून म्हणाले, "मी तेच सांगत होतो."

तलाव म्हणजे एका ओहोळावर घातलेला मातीचा बांध. दुष्काळाच्या साली अप्पांच्या देखरेखीखाली तो झाला होता. पाणी थोडंच होतं, कडेला ओल्या चिखलाचा पट्टा. मी थर्मास काढत होते तेवढ्यात आतेभावाने डिकीतून माझी योगाच्या चटईची पिशवी उचलली आणि अप्पांच्या हातात दिली.

"चटई कशाला?" मी विचारलं.

अप्पांनी पिशवीतून आधी दस्ता काढला, मग नळ्या काढल्या आणि खटकन जोडल्या. एरवी त्यांना औषधाच्या बाटलीचं झाकण उघडत नाही.

मी आतेभावाकडे पाहिलं. तो म्हणाला, "ताई, नुसती हातात धरायची आहे त्यांना. त्या जागी."

"काडतुसं द्या," मी म्हटलं. अप्पांनी मुकाट्याने खिशातून दोन काडतुसं काढून दिली. जुनी, कागदी आवरणाची, पितळ काळं पडलेली. मी ती पर्समध्ये टाकली, बंदूक उघडून रिकामी आहे ना ते बघितलं आणि परत दिली. वाटलं, धरू दे. इतक्या लांब आलोच आहोत तर कशाला चिडचिड.

आम्ही बांधाच्या आडोशाला बसलो. ऊन चढलं. मी घड्याळ बघत होते, दवाखान्यातून फोन येत होते. मग दूर आभाळात गुळण्या केल्यासारखा आवाज आला. अप्पांना तो ऐकू येणं शक्य नव्हतं, यंत्र घरीच विसरले होते. आतेभावाने त्यांच्या खांद्याला हात लावला. पाखरं खरंच बाणासारखी आली. एक थवा तलावावरून गेला, वळला, परत आला आणि चिखलाच्या कडेला उतरला. मी हे कधी पाहिलं नव्हतं. मघापर्यंत तिथे नुसते दगड होते, आता त्यातले काही दगड चालत पाण्याकडे निघाले. मागून दुसरा थवा आला.

अप्पा उठले. बंदूक खांद्याला लागली, नळ्या थव्याबरोबर वळल्या.

कट्.

मग पुन्हा, कट्.

माझ्या लक्षात यायला एक क्षण लागला. सगळी पाखरं एकदम उडाली. स्वेटरच्या आतल्या खिशात त्यांनी आणखी दोन काडतुसं ठेवली होती आणि माझी पाठ वळताच भरली होती.

"अप्पा!" मी ओरडले.

ते बंदूक उघडायला लागले तसा आतेभाऊ जोरात म्हणाला, "मामा, उघडू नका. नळी पाण्याकडे ठेवा. काडतूस उशिरा फुटू शकतं." अप्पांना नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्याने त्यांचं मनगट धरून नळ्या पाण्याकडे वळवून ठेवल्या. आम्ही तिघं तसेच उभे. काहीच फुटलं नाही. मग त्याने हळूच बंदूक उघडली, काडतुसं काढून लांब ठेवली. अप्पा वाकून त्यांच्याकडे बघत म्हणाले, "हवा लागली वाटतं."

"माझ्या जन्माआधीची काडतुसं आहेत ती," मी म्हटलं. "आपले हात उडाले असते. पाखरू पडलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?"

"सोलून खाल्लं असतं," अप्पा म्हणाले.

मी पुढे बोलणार तोच बांधावरून आवाज आला, "काय करू राहिले इथं?"

पलीकडच्या शेतातला माणूस होता, हातात मोबाइल. त्याने आमचं सगळं चित्रीकरण केलं होतं. मागे कुणीतरी या माळावर हरीण मारलं होतं, तेव्हापासून गावातले लोक लक्ष ठेवून होते. त्याने वनरक्षकाला फोनही लावला होता. "येतीन ते आत्ता. तवर जायचं नाय," तो म्हणाला.

"अरे, हा तलाव मी बांधलाय," अप्पा म्हणाले.

मला वाटलं, आता माझं डोकं फुटणार. पण त्या माणसाचा रोखच बदलला. तो जवळ येऊन मोठ्याने म्हणाला, "तुमी बांधला? मंग बरं झालं भेटले. लय गळतो हा. संक्रांतीच्या म्होरं पाणी ऱ्हात नाय."

"पाझर तलाव आहे, पाझरणारच. ते पाणी विहिरींना जातं."

"कोणाच्या? आमची हीर कोरडी हाय. खालच्या गावाला जातं सगळं."

वनरक्षक मोटारसायकलवरून येईपर्यंत दोघं बांधाच्या पायथ्याशी, कुठल्या बाजूला पाणी जातं यावर हातवारे करत होते. वनरक्षक तरुण होता, शांत होता. त्याने बंदूक बघितली, परवाना मागितला. मी पुढे झाले. मनात वाक्य तयार होतं, वडील वयस्कर आहेत, जुन्या जागी फोटो काढायला आणली होती. मी "साहेब, माझे वडील" एवढं म्हटलं आणि त्याने अप्पांच्या कानाशी जाऊन थेट विचारलं, "बाबा, मारायला आणली होती का?"

"हो," अप्पा म्हणाले. "दोनदा चाप ओढला. फुटली नाहीत."

वनरक्षकाने माझ्याकडे पाहिलं.

मग त्याने आतेभावाला विचारलं. आतेभाऊ चटकन म्हणाला, "मला माहीत नव्हतं. बंदूक गाडीत आहे हेच मला माहीत नव्हतं." पिशवी त्यानेच डिकीतून काढून दिली होती. मी तोंड उघडणार होते. अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. मग वनरक्षकाला म्हणाले, "त्याला खरंच माहीत नव्हतं. मीच लपवून आणली. हिलाही माहीत नव्हतं."

आमचा तो पूर्ण दिवस वन खात्याच्या कचेरीत गेला. जबाब, सह्या, पंचनामा. बंदूक जप्त झाली. त्या शेतकऱ्याने सगळ्यांसाठी चहा सांगितला आणि साक्षीदार म्हणून सहीही केली. परतताना आतेभाऊ मागे बसून तिकिटाची तारीख बदलता येते का ते बघत होता. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तो गेला. रविवारचे कॉल बंद झाले. का ते अप्पांनी कधी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

खटला उभा राहिला. वकील म्हणाले, वय बघता फार होणार नाही, पण तुमच्या वडिलांना तोंड बंद ठेवायला सांगा. कोण सांगणार. पहिल्या तारखेला अप्पांनी कोर्टाच्या व्हरांड्यात दोन अनोळखी माणसांना पूर्ण हकिकत सांगितली, पखुर्डीच्या उड्डाणासकट. मी लांब जाऊन उभी राहिले.

एकदा कोर्टातून घरी येताना मी विचारलं, "का केलंत तुम्ही असं? या वयात?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अजून जमतं का बघायचं होतं."

"आणि?"

"नेम बरोबर होता. पाखराच्या पुढे धरला होता. तू बघितलंस ना?"

मी बघितलं होतं. मला त्यातलं काही कळत नाही, तरी नळ्या पाखरांच्या थोड्या पुढे होत्या हे मला दिसलं होतं. मी म्हटलं, "मला काही दिसलं नाही, मी फोनवर होते." निफाडला मी त्यांच्यासाठी उसाचा रस घेतला, तो त्यांनी न पिता परत केला.

बंदूक मिळणार नाही हे त्यांनी मान्य केलं असं मला वाटतं. कपाटातली तिची जागा रिकामी आहे, तिथे त्यांनी अजून काही ठेवलेलं नाही. मी हिवाळ्याच्या रजया ठेवायला गेले तर म्हणाले, "राहू दे." आता रजया माझ्या पलंगाखाली आहेत.

आणि हल्ली त्यांचं नवीन सुरू झालंय. तो शेतकरी त्यांना फोन करतो. नंबर त्याने पंचनाम्याच्या वेळी घेतला होता. दोघं तासन्‌तास बांधाच्या गाभ्यातल्या, पाणी अडवणाऱ्या काळ्या मातीवर बोलतात. अप्पांचं म्हणणं, उजव्या टोकाला मुरूम जास्त पडला असणार, तिथे खणून बघायला हवं. वकिलांनी स्पष्ट सांगितलंय, गुन्ह्याच्या जागी पाय ठेवायचा नाही. मी हे अप्पांच्या यंत्र लावलेल्या कानात ओरडून सांगितलं.

गेल्या आठवड्यात मीच त्यांना तलावावर घेऊन गेले. दवाखाना बंद ठेवून. ते दोघं काठीने बांध टोचत उन्हात फिरत होते आणि मी गाडीत बसून एका पेशंटला फोनवर सांगत होते की आज दाढ काढता येणार नाही, उद्या या, घरी जरा काम निघालंय.