गेम कापणारा दुकानदार

आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला, पण दुकानदाराने व्हिडिओ गेम कापून विकली असा आरोप करणारी मी एकटीच असेन. चंदीगडला ते नव्वदीचे दिवस होते. गेमची पहिली कॅसेट सबंध उन्हाळा पुरली होती आणि नवी दोन दुपारींत संपली. मी तावातावाने दुकान गाठलं.

"भाईसाब, गेम आधी काट के दी आपने. बच्चे नाराज़ हैं."

दुकानदार सरदारजी आधी कॅसेटवर फुंकर मारायचे, मग बोलायचे.

"पक्का, बहनजी?"

एवढंच विचारून त्यांनी मी उन्हाळाभर खेळलेली ती पहिलीच गेम टीव्हीला लावली, गेमचा रिमोट माझ्या हातात दिला आणि माझ्यासाठी चहा मागवला. खांद्याला पर्स, तशीच उभ्याने खेळले. चहा निवायच्या आत शेवटचा राक्षस लोळवला. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. चूक कळली होती, पण शरमायला सवड कुठली? मी मान ताठ करून सगळ्यांकडे पाहत होते.

सरदारजींनी कॅसेट काढली, फुंकर मारली आणि म्हणाले, "गेम पूरी है, बहनजी. आप उस्ताद हो गए हो. अब बच्चों को भी खेलने दिया करो."