चांदीची जागा

छावणीतलं जुनं चर्च आमच्या कंपनीनं गोदामासाठी भाड्यानं घेतलं, तेव्हा मी तिथं स्टोअरकीपर होतो आणि मागच्याच खोलीत राहत होतो. हातभर जाडीच्या दगडी भिंती, टोकदार कमानी, वर सागवानी छत. पाद्री उभा राहायचा त्या ओट्यावर आम्ही वजनकाटा मांडला. मला त्याचं काही वाटलं नाही. माझा जीव खोक्यांत!

वॉचमन होता मल्हारी, पाचोडकडचा धनगर. मेंढरं विकून कारखान्यांच्या ओढीनं शहरात आलेला. ओट्यामागच्या खिडकीत रंगीत काचांचं चित्र होतं, खांद्यावर कोकरू घेतलेला दाढीवाला. मल्हारी पहिल्याच दिवशी म्हणाला, "सायब, हा तं आमच्यातलाच दिसतो. पण घोंगडी कुठं टाकली यानं?"

"अरे, तो येशू आहे."

"आसंल. पण कोकरू लई नीट धरलंय."

सकाळी नऊला त्या खिडकीतून ऊन यायचं आणि कोकराचा पांढरा कवडसा फरशीवर पडायचा. तेवढ्या जागेत मल्हारी खोकं ठेवू द्यायचा नाही. "तिथं चांदी बसती," म्हणायचा. चांदी म्हणजे त्यानं विकलेली लाडकी मेंढी. मी त्याच्यावर खेकसायचो आणि खोकी दुसरीकडं लावायचो.

मग मॅनेजरनं फर्मान काढलं. रंगाच्या डब्यांचा वास कोंडतो, ती काच काढून पंखा बसवा. मल्हारीनं माझे पाय धरले. मी रदबदली केली, पण पालथ्या घड्यावर पाणी.

त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर पेटलं. संचारबंदी लागली, मिस्त्री येईना. बाहेर माणसं एका नावासाठी मार खात होती, आणि सांगायला लाज वाटते, आत मल्हारी सुखात होता. सात दिवस तो रोज नऊला कवडशाशेजारी उकिडवा बसला. गावाकडची कुरणं आठवून डोळे पुसायचा, हसायचाही.

आठव्या दिवशी मिस्त्री आला. संध्याकाळपर्यंत काच गेली, पंखा बसला.

दुसऱ्या दिवशी नऊला पात्यांमधून उन्हाच्या चार चिरफळ्या फरशीवर पडल्या. मल्हारीनं खिशातून बाभळीच्या शेंगा काढल्या, हात पुढं केला आणि मेंढरांना घालतात तशी लांबलचक हाळी घातली. उंच छतातून त्याचाच आवाज परत आला. तो वाट बघत उभा राहिला.

शेंगा परत खिशात टाकून तो म्हणाला, "ठिवा सायब, आता तिथं खोकी."